दम

गरम पाण्याच्या टाकीशेजारी, भिंतीतल्या कपाटात,
टॉवेलांच्या खालच्या फळीवर
तेवीस लिटर काळोख झाकून ठेवलाय मी.
झाकणावर प्लास्टिकची वाकडी नळी,
नळीत घोटभर पाणी,
त्या पाण्यातून तो दम टाकतो.

पहिल्या रात्री मुका.
दुसऱ्या रात्री एकदाच, बुडुक.
तिसऱ्या रात्री असा बोलत सुटला
की मांजर पहाटेपर्यंत कपाटासमोर बसून होतं
आणि नोएलीन म्हणाली, तुमचं दोघांचं संपलं की सांग,
मला टॉवेल हवाय.

बाहेर इन्व्हरकार्गिल. जुलै.
दक्षिणेचा वारा कुंपणाच्या पत्र्याशी भांडतोय,
त्याच्यामागे समुद्र, समुद्रामागे नुसता बर्फ.
या दिवसांत इथे मोजेसुद्धा तीन दिवसांनी वाळतात,
तिथे जवाची काय कथा.

आठव्या दिवशी नळी गप्प.
झाली, मी म्हणालो,
आणि गुडघ्याला बाशिंग बांधून
धुतलेल्या तीस बाटल्या ओट्यावर मांडल्या.
शेजारचा तामाती आला, नळीकडे बघून हसला.
हिचं काय ऐकतोस? ही थंडीनं गप्प होते,
झाकण सैल असलं तरी गप्प होते.
मग मला त्याच्या गॅरेजात नेलं, छताकडे बोट दाखवलं:
लाकडात रुतलेली हिरवी काच,
अठ्ठ्याण्णव सालच्या घाईची.
दम धर, म्हणाला, आणि काटा बघ.

काटा म्हणजे काचेची एक बारीक मासोळी,
पोटात शिसं, मानेवर आकडे.
उभट भांड्यात सोडली की डुलते,
मग मनाशी काही ठरवून एका जागी उभी राहते.
कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीनं लिहितो:
सोमवारी १०१८.
बुधवारी १०१४.
शुक्रवारी १०१२.
आतली साखर संपत चाललीय,
न दिसणारे कोणीतरी खाऊन खाऊन
तळाशी झोपतायत.

एकतीस वर्षं मी मेंढ्यांच्या कारखान्यात साखळीवर उभा होतो.
भोंगा झाला की सुरी उचलायची,
भोंगा झाला की चहा,
भोंगा झाला की घर.
संपलं कधी, हे मला कधी ठरवावंच लागलं नाही.
मार्चमध्ये कुलूप लागलं तेही भोंग्यानंतरच,
आणि पोरांनी वर्गणी काढून हा डबा दिला,
वर चिकटपट्टीनं चिठ्ठी: म्हाताऱ्या, काहीतरी करत राहा.
आता पहाटे पावणेपाचला, कोणी बोलावलेलं नसताना,
टॉर्च घेऊन मी कपाटात डोकं घालतो.

शनिवारी १०१२.
रविवारी १०१२. चष्मा पुसून पुन्हा, १०१२.
भांड्यातलं ओतून न देता प्यालो.
कोमट, बसकं, पावाच्या कडेसारखं,
मागून जरा कडू.
नोएलीननं जीभ लावली: बरंय की, पण यात जीव नाही.
जीव नंतर, मी म्हणालो, तामातीचा आव आणून.
बाटलीत चमचाभर साखर, वर बूच,
मग अंधारात तो पुन्हा दम भरेल
आणि या वेळी टाकायला नळी नसेल.
भीती आहे ती तेवढीच.

सोमवारी मासोळी धुऊन तिच्या खोक्यात ठेवली.
पाच वाजले. याच वेळी व्हायचा.
मी थोडा वेळ उभा राहिलो, सवयीनं, कान देऊन.
पत्रा वाजला. मांजर आळसावलं.
आज, मी म्हणालो, स्वयंपाकघरात कोणीच नव्हतं,
आणि बाह्या वर सारल्या.

एकोणतीस भरल्या.
तिसावी अर्धीच राहिली.
तिला बूच लावावं का,
यावर आमचं दोघांचं अजून ठरत नाहीये.